‘काऊन?’ विचारणाऱ्या पोरी

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडातल्या घराघरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. पोरगी चार-पाच वर्षांची झाली की दिवसभर तिची टकळी सुरू असते. ‘‘माय, हे काऊन असं वं? ते काऊन तसं?’’ आणि आपण पोळ्या लाटता लाटता म्हणतो, ‘‘चुप बस ना वं, किती प्रश्न इचारते!’’ तेच पोराने विचारलं की आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, ‘‘भारी चौकस आहे हो आमचा!’’ पोरगी मात्र ‘आगाऊ’ ठरते. दहा-बारा वर्षांची होईतो ती गप्प होते. मग शाळेतल्या बाई विचारतात, ‘‘कोणाला काही शंका?’’ तेव्हा मुलींच्या रांगेतून एकही हात वर येत नाही.

मी काही शिक्षिका नाही की शास्त्रज्ञ नाही. घर सांभाळून मानोरा तालुक्यातल्या खेड्यांमध्ये बचत गटांचं काम करणारी एक बाई आहे. शिक्षण कला शाखेचं. आमच्या काळी शास्त्र शाखा घ्यायची तर गाव सोडून खोली करून राहावं लागे. मुलीच्या जातीला ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून कला शाखा. पण प्रश्न काही शाखा बघून पडत नाहीत! पितळेच्या गंजात ठेवलेलं ताक कळकतं कसं, कल्हईवाला भांड्याला काय लावतो, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, हे मला लहानपणीही पडत होतं आणि आज चाळिशी ओलांडल्यावरही पडतं. गेल्या काही वर्षांत मी एक पाहिलं. जिचं लहानपणचं ‘काऊन’ कुणीतरी जपलं, ती बाई पुढे शेतात असो, स्वयंपाकघरात असो की मोठ्या प्रयोगशाळेत, आयुष्यभर ताजीतवानी राहते. म्हणून आज जरा या ‘काऊन’बद्दलच बोलू या.

एका घरातल्या दोन बहिणी

दुर्गाबाई भागवत हे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेच्या पुस्तकातून ऐकलेलं असतं. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. आणीबाणीविरुद्ध उघडपणे बोलल्या आणि तुरुंगातही गेल्या. पण त्यांची एक सख्खी धाकटी बहीण होती आणि ती मोठी शास्त्रज्ञ होती, हे किती जणींना ठाऊक असतं? त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

दोघींचा जन्म इंदूरचा. दुर्गाबाई १९१० सालच्या आणि कमलाबाई त्यांच्या पाठच्या. वडील नारायणराव रसायनशास्त्र शिकलेले. ते आणि त्यांचे भाऊ माधवराव, दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे ज्या काळात मुलींना चौथी-पाचवीतून काढून लग्नं लावत, त्या काळात या घरात पोरींच्या कानावर शास्त्राच्या गोष्टी पडत होत्या. एकच घर आणि एकच संस्कार, पण एक बहीण झाडाझुडपांच्या, लोककथांच्या, आदिवासींच्या वाटेने गेली आणि दुसरी परीक्षानळीच्या वाटेने. गंमत म्हणजे पुढे दोघींच्याही वाटा येऊन मिळाल्या त्या स्वयंपाकघरात! ते कसं, ते आता बघू.

कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली. विषय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत नाव सगळ्यात वर. त्यांनी वडिलांच्याच संस्थेत, बंगळूरला, अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर झाला. कारण काय? तर अर्जदार मुलगी आहे! दुसरी एखादी रडत घरी बसली असती. कमलाबाई मात्र थेट बंगळूरला गेल्या आणि ‘का नाही?’ असं विचारत अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीदेखील काम करावं लागेल आणि तिच्यामुळे संस्थेचं वातावरण बिघडता कामा नये! ही शेवटची अट वाचून आजही अंगाचा तिळपापड होतो. कमलाबाईंनी ती सोसली आणि वर्षभर असं काम करून दाखवलं की पुढे त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं.

तिथे त्यांनी अभ्यास कशाचा केला? दुधाचा आणि डाळी-कडधान्यांचा. त्यांच्यातली प्रथिनं कशी असतात, कोणती पचतात, कोणती पचत नाहीत, याचा. नंतर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीत ‘सायटोक्रोम सी’ नावाचं द्रव्य असतं, हे त्यांनी शोधून काढलं. पेशींच्या श्वसनासाठी, म्हणजे ऊर्जा तयार होण्यासाठी, ते लागतं. बटाटा आपण रोज चिरतो, पण त्याचा श्वास कसा चालतो, असं कधी आपल्या मनात येतं का? त्यांच्या मनात आलं. जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतात.

विलायतेत राहून त्यांना सुखाने संशोधन करता आलं असतं. पण त्या परत आल्या. दिल्लीला शिकवलं, निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन संस्थेत काम केलं, लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. तिथे त्यांनी पुन्हा गरिबाच्या ताटातलेच पदार्थ हाती घेतले. ताडा-माडाच्या झाडाची नीरा, ताडगूळ, कडधान्यं, भात. नीरेमध्ये जीवनसत्त्वं आणि लोह असतं आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायांना तिचा उपयोग होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी मिळून ग्राहकांसाठी संस्था काढली, त्यातही त्या होत्या. ग्राहकांना शहाणं करणारे लेख त्यांनी त्या संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून लिहिले आणि सामान्य बाईला कळेल अशा मराठीत ‘आहार-गाथा’ हे पुस्तकही लिहिलं. १९९८ साली त्या गेल्या.

आता थोरलीकडे वळू. दुर्गाबाईंचा ओढा रानाकडे आणि माणसांकडे. संशोधनासाठी त्या तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या गोंड वस्त्यांमधून हिंडल्या. तिथेच एक विषारी कंद खाण्यात आला आणि त्यामुळे कित्येक वर्षं त्यांना अंथरुणाला खिळून काढावी लागली. दुसऱ्या कुणी रानाचं नावच टाकलं असतं. या बाईने १९५६ साली ‘ऋतुचक्र’ लिहिलं! आपल्या बारा महिन्यांतली झाडं, फुलं, पाखरं, आभाळाचे रंग त्यात आहेत. त्यासाठी हिमालयात जायला नको, घराच्या खिडकीतून, रस्त्याच्या कडेला दिसतं तेच त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं. याच विदुषीने ‘खमंग’ नावाचं खाण्यापिण्यावरचं पुस्तकही लिहिलं. एवढी मोठी बाई, पण स्वयंपाकाला तिने हलकं मानलं नाही. २००२ साली, नव्वदी ओलांडून दुर्गाबाई गेल्या, त्या शेवटपर्यंत वाचत-लिहीत होत्या.

मला या दोघींचं सगळ्यात काय आवडतं सांगू? एकीने विज्ञानासाठी स्वयंपाकघर सोडलं नाही आणि दुसरीने साहित्यासाठी रान सोडलं नाही. निसर्ग, विज्ञान आणि स्वयंपाक असे तीन वेगळे कप्पे आपण करतो. त्यांच्याकडे ते एकच होतं, कारण मुळात प्रश्न एकच होता, ‘हे असं का?’

आपल्याकडच्या गावोगावच्या वाचनालयात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक असतं. १९८१ साली ते पहिल्यांदा आलं. ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवेल, अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर लहानपणी अशक्त होता. शेतातलं जड काम होईना म्हणून त्याला घरात ठेवलं. तिथे तो स्वयंपाक, शिवण, धुणं शिकला आणि उरलेल्या वेळात रानात झाडं बघत हिंडू लागला. शेजारीपाजारी त्याला झाडांचा डॉक्टर म्हणायचे. मोठेपणी तोच शेतीचा शास्त्रज्ञ झाला आणि १९१६ साली त्याने एक पुस्तिका काढली. भुईमूग कसा पिकवायचा आणि खाण्यासाठी तो १०५ प्रकारांनी कसा करायचा! चुलीजवळ शिकलेलं त्याने कधी वाया जाऊ दिलं नाही.

चूल म्हणजे प्रयोगशाळाच की!

आता आपल्या वाशीम जिल्ह्याकडे येऊ. आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. घरात पोत्यांनी असतं, तरी खायला मात्र आपण बिचकतो. ‘‘सोयाबीनने पोट बिघडते’’ असं बाया म्हणतात आणि ते खोटं नाही. काही जणी पौष्टिक म्हणून कच्चं सोयाबीनच गव्हात मिसळून दळून आणतात. मग पोराबाळांची पोटं गुबारतात. असं का होतं? इथे कमलाबाईंचं काम कामी येतं. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारा ट्रिप्सिन नावाचा पाचकरस असतो. कच्च्या कडधान्यांमध्ये आणि सोयाबीनमध्ये त्याला अडवून धरणारे घटक असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या देशी कडधान्यांमधल्या याच घटकांचा अभ्यास केला. भिजवून नीट शिजवलं की उष्णतेने या घटकांचा जोर मोडतो. म्हणून सोयाबीन दळायचं असेल तर आधी स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, उन्हात कडक वाळवायचं आणि मगच दहा किलोच्या दळणात एक किलो या बेताने मिसळायचं. आमच्या गटातल्या बाया आता असंच करतात. तक्रार राहिली नाही.

आपल्या आज्या वालाला, मटकीला रात्रभर भिजवून मोड आणायच्या. ‘का’ विचारलं तर म्हणायच्या, ‘‘हलकं होते पोटाले.’’ खरंच होतं! मोड येताना दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य कमी होतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. ते कमी झालं की अंगाला लोह जास्त लागतं. शिवाय दाण्यात एरवी जवळजवळ नसलेलं ‘क’ जीवनसत्त्व मोडात तयार होतं. त्यावर लिंबू पिळलं तर आणखीच चांगलं, कारण आंबटातलं ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या पोरी घरोघरी आहेत. त्यांना गोळ्या तर द्यायच्याच, पण जेवणाला लागून चहा पाजू नका, त्याने लोह अंगी लागत नाही. एवढं शास्त्र तर आपल्या हातात आहे ना?

आणि ते कळकलेलं ताक? ताकातल्या आंबटाने पितळेतलं तांबं सुटतं आणि ताक हिरवट, कडवट होतं. खाल्लं तर उलट्या होतात. कल्हईवाला लावायचा ते कथील, त्यामुळे आंबट आणि तांबं यांची गाठ पडत नसे. हळदीच्या डागाची गोष्ट तशीच. साबणात क्षार असतो, त्याने हळद लाल होते. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी! आणि धुऊनही राहिलेला डाग उन्हात वाळवला की उडतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हे सगळं आपल्या आज्यांना करता येत होतं. ‘का’ हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलेलं कुणी ऐकलं नाही.

तो वेल ‘वांझ’ नव्हता

आमच्या गटाच्या बैठकीला बाया येतात तशा त्यांच्यामागे पोरीही येतात. बाया हिशेब करतात तेव्हा पोरी कंटाळतात. म्हणून मी त्यांच्यासाठी एक वही ठेवली आहे. वहीचं नावच ‘काऊन’. ज्या पोरीला जो प्रश्न पडेल तो तिने वहीत लिहायचा. लिहिता येत नसलेल्या धाकटीने सांगायचा, मोठीने लिहायचा. उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल. आधी आपण स्वतः बघायचं, मग आजीला विचारायचं, मग शाळेतल्या सरांना नाहीतर बाईंना.

त्या वहीत एकदा सातवीतल्या एका पोरीने लिहिलं, ‘आमच्या कुंपणावरच्या एका वेलाले काटवलं काऊन लागत नाही?’ काटवल आपल्या ओळखीचंच. पावसाळ्यात रानातून येतं, बाजारात हातोहात खपतं. तिच्या आईने रानातून कंद आणून कुंपणाला लावले होते. तीन वेल काटवलांनी लदबदत होते आणि एका वेलाला पिवळी फुलं भरपूर, पण फळ एकही नाही. आई म्हणाली, ‘‘वांझ हाय तो, उपटून फेकतो आता.’’

पोरीने आईकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ वेल बघायला लागली. चौथ्या दिवशी धावत आली. ‘‘काकू, ज्या वेलाले काटवलं लागतात ना, त्याच्या फुलाच्या मागं पयलेपासूनच इवलंसं काटेरी काटवल असते. या वेलाच्या फुलामागं काहीच नाही!’’ आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. पपईतही असंच असतं. नर वेलाला फळ धरत नाही, पण त्याचा पराग मिळाला नाही तर मादी वेलालाही धरत नाही. म्हणजे तो वेल उपटला असता तर बाकीच्या तीन वेलांचंही फळ गेलं असतं!

पुढच्या बैठकीत त्या पोरीने सगळ्या बायांसमोर हे सांगितलं. फुलं तोडून आणली होती, हातावर ठेवून फरक दाखवला. बाया काही वेळ गप्प झाल्या. मग मागून एक आजी म्हणाली, ‘‘म्हणजे वांझ नव्हताच तो. गडी होता!’’ सगळ्या खळखळून हसल्या. पण त्या हसण्यात दोघी-तिघी अशा होत्या की ज्यांनी हा शब्द स्वतःच्या अंगावर वर्षानुवर्षं झेलला आहे. त्यातली एक नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘ताई, आमच्या घरी नवऱ्याची तपासणी कधी केलीच नाही कोणी.’’ मूल न होण्याचं कारण बाईत असू शकतं तसंच पुरुषातही असू शकतं, तपासणी दोघांची व्हायला हवी, हे मी बैठकीत आधीही सांगितलं होतं. पण जे माझ्या भाषणाने झालं नाही, ते एका पोरीच्या प्रश्नाने झालं. पुढच्या महिन्यात ती बाई नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. मैत्रिणींनो, लहान पोरीचा प्रश्न म्हणजे रिकामी बडबड नसते, ती अशी!

त्या पोरीच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मानोऱ्याला यावं लागतं. घरात चर्चा सुरू होती, ‘बस झालं शिक्षण, आता घरचं शिकू दे.’ मी तिच्या आईला एवढंच म्हटलं, ‘‘बाई, तुझे तीन वेल कुणी वाचवले?’’ खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, तेही सांगितलं. आई दोन दिवसांनी बापाला घेऊन आली. आज ती पोरगी रोज एसटीने शाळेत येते. मार्क म्हणाल तर बेताचेच आहेत. पण वहीतले प्रश्न वाढत चालले आहेत! मध्यंतरी सोयाबीनचं निंदण करताना उपटलेल्या रोपाच्या मुळाला गाठी दिसल्या. बाया म्हणाल्या रोग पडला. हिने गाठ नखाने फोडून बघितली, आतून गुलाबी. आता तिला माहीत आहे की त्या गाठींमध्ये जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि गुलाबी गाठ म्हणजे ते कामावर आहेत. बापालाही तिनेच सांगितलं.

शाळा सुटली म्हणून काय झालं?

काही मैत्रिणी म्हणतील, ‘‘आमची शाळा तर कधीच सुटली, आता आम्हाला काय उपयोग?’’ त्यांना मी राहीबाई पोपेरेंचं नाव सांगते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. नातू आजारी पडायला लागला, तेव्हा त्यांच्या मनात प्रश्न आला की आपण खातो त्या फवारलेल्या भाजीने तर हे होत नसेल ना? मग त्या जुनं गावरान बियाणं गोळा करायला लागल्या. वालाचे, भाताचे, भाज्यांचे वाण त्यांनी राखेत, मडक्यांत जपले आणि घरातच बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोणतं बी कधी पेरायचं, कसं राखायचं, ही माहिती त्यांच्याकडे लहानपणापासून शेतात बघून बघून साठलेली होती. प्रश्न पडला तेव्हा ती उपयोगी आली.

आपल्याकडेही अशी साठवण कमी का आहे? पहिला पाऊस झाला की तरोटा कुठे उगवतो, त्याची भाजी कोवळी असतानाच का खुडायची, अंबाडी कशी आंबवायची, मोह रात्री फुलून पहाटे का गळतो, हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. पण आपल्या पोरींना मोबाईलमधली परदेशी फळं ओळखता येतात आणि घरामागची तरोट्याची भाजी ओळखता येत नाही. ही साखळी तुटली तर पुन्हा जोडणं अवघड.

मग आपण काय करायचं? फार काही नाही. घरात एक वही ठेवायची आणि पोरीचा प्रश्न तिच्याच हाताने त्यात लिहायला लावायचा. ‘मला नाही माहीत, चल आपण बघू’ हे म्हणायला लाजायचं नाही. दुधाच्या दोन वाट्या घेऊन एकीत कोमट आणि एकीत थंड दुधात विरजण घाला, सकाळी कोणतं लागलं ते पोरीलाच बघू द्या. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, त्यावर सोडा, साबण, लिंबू, चिंच यांचा एकेक थेंब टाकून बघा. जास्वंदाचं फूल गरम पाण्यात घालून रंग काढा, त्यात लिंबू पिळा आणि काय होतं ते बघा. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. आणि हो, हे सगळं पोरांनाही करू द्या. कणीक मळताना ती ताणली का जाते, हे त्यालाही कळू दे की! म्हणजे पुढे त्याच्या घरात चूल एकटीच्या गळ्यात पडणार नाही.

एक मात्र पोरांना बजावून सांगायचं. बघायचं, हात लावायचा, वास घ्यायचा, पण रानातलं अनोळखी काही विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. दुर्गाबाईंसारख्या जाणत्या बाईलाही कंदाने केवढं दुखणं दिलं! आपल्याकडे बांधावर मोगली एरंड असतो, त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि मग उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. धोतऱ्याचंही तसंच. कुतूहल हवंच, पण सोबत एक जाणतं माणूस हवं. ते माणूस आपणच, नाही का?

येत्या रविवारी कुरड्यांचा चीक हलवताना किंवा भाजी निवडताना पोरीला जवळ बसवा. ती विचारेल, ‘‘माय, हे काऊन वं?’’ तेव्हा हातातलं काम दोन मिनिटं थांबलं तरी चालेल. उत्तर येत असेल तर सांगा, येत नसेल तर तिलाच म्हणा, ‘‘बघ बरं, तुले काय वाटते?’’ आणि ती काय म्हणते ते नीट ऐका.